वक्रता की कसरत? : दूरचित्रवाणी मालिकांतील अनुक्रमभंग आणि पंडवानीचा दाखला

१. प्रश्नाची मांडणी

घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने न सांगता मागेपुढे करून सांगण्याची पद्धत गेल्या दोन दशकांत दूरचित्रवाणी मालिकांच्या संदर्भात विशेष चर्चिली गेली आहे. ‘लॉस्ट’ (२००४–२०१०) ही अमेरिकन आणि ‘डार्क’ (२०१७–२०२०) ही जर्मन मालिका यांमुळे या पद्धतीला प्रतिष्ठा लाभली. जेसन मिटेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी २००६ पासून ‘निवेदनाची संकुलता’ या अंगाने तिची मांडणी केली. दुसऱ्या बाजूने असा आक्षेप घेतला जातो की, ही केवळ कसरत आहे. सरळ सांगितल्यास ज्या कथेत काही उरत नाही, तिला गुंतागुंतीचा पोशाख चढविला जातो एवढेच. आशय की चमत्कृती, असा हा वाद आहे.

या वादातील दोन्ही पक्ष एक गृहीत मात्र समान धरून चालतात. सरळ कालक्रम हा निवेदनाचा स्वाभाविक क्रम असून अनुक्रमभंग ही आधुनिक, पाश्चात्त्य आणि सुशिक्षित प्रेक्षकासाठी केलेली योजना आहे, असे ते गृहीत आहे. मालिका निर्माण करणाऱ्यांच्या ‘सामान्य प्रेक्षकाला हे कळणार नाही’ या नेहमीच्या युक्तिवादामागेही तेच उभे असते. प्रस्तुत निबंधात हे गृहीत तपासावयाचे आहे. त्याच्या खरेखोटेपणावर केवळ तंत्राचा निवाडा अवलंबून नाही. कोणत्या प्रेक्षकाला बुद्धिमान समजावयाचे आणि कोणाला नाही, हा प्रश्नही त्यावर अवलंबून आहे.

या तपासणीसाठी रायपूर आणि त्याच्या उत्तरेस बिरगावला लागून असलेला उरला हा औद्योगिक परिसर दृष्टीसमोर ठेवला आहे. त्याला तीन कारणे आहेत. पहिले असे की, भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासात या प्रदेशाचे स्थान आरंभीचे आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. मध्य प्रदेशातील रायपूरचा गट त्यात होता. अनेक मोठ्या शहरांना दूरचित्रवाणी ठाऊक नव्हती तेव्हा येथील खेड्यांत सामुदायिक संच पोहोचले होते. दुसरे कारण, हाच पंडवानीचा प्रदेश आहे. तिसरे कारण मराठीशी असलेल्या संबंधाचे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून १९५६ पर्यंतच्या मध्य प्रांताच्या इतिहासापर्यंत छत्तीसगढ आणि विदर्भ एकाच राजकीय चौकटीत वावरले. ‘छत्तीसगढ मित्र’ १९०० मध्ये काढणारे माधवराव सप्रे आणि राजनांदगावी अखेरची वर्षे अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध हे दोघेही घरी मराठी बोलणारे आणि हिंदीत लिहिणारे होते. रायपूरच्या मराठी कुटुंबांत आज जे मराठी कथानक रोज प्रवेश करते, ते प्रामुख्याने उपग्रह वाहिन्यांवरील मालिकांच्या रूपाने करते. म्हणून दोन कथनपरंपरांची येथे प्रत्यक्ष गाठ पडते.

२. संज्ञा आणि कसोटी

रशियन रूपवाद्यांनी घडलेल्या घटनांची साखळी आणि तिची कलाकृतीतील मांडणी यांत भेद केला. जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये प्रूस्तच्या कादंबरीच्या आधारे या भेदाचे सूक्ष्म वर्गीकरण केले. मागे जाणे, पुढे जाणे, त्यांचा पल्ला आणि व्याप्ती यांची परिभाषा तेथून रूढ झाली. ही परिभाषा वर्णनासाठी उपयुक्त आहे. तथापि क्रम मोडला आहे एवढे ती सांगते, तो मोडणे उचित होते की नाही हे सांगत नाही. औचित्याचा निर्णय करावयाचा तर संस्कृत साहित्यशास्त्राकडे वळणे अधिक फलदायी ठरते.

‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात आनंदवर्धनांनी प्रबंधगत रसाभिव्यक्तीचा विचार केला आहे. इतिहासातून आलेल्या कथेतील क्रम वा प्रसंग रसाला प्रतिकूल असेल तर कवीने तो सोडून द्यावा आणि रसानुकूल अशी नवी योजना करावी, असे ते म्हणतात. त्याचबरोबर संधी आणि संध्यंगे यांची योजना रसासाठी असावी, शास्त्राचे नियम पाळल्याचे दाखविण्यासाठी नसावी, असेही बजावतात. ‘वेणीसंहारा’च्या दुसऱ्या अंकातील ‘विलास’ या अंगाची योजना त्यांनी दोषाचे उदाहरण म्हणून दिली आहे. म्हणजे रचनेचे कौशल्य स्वतःसाठी वापरले गेले की तो दोष, ही भूमिका आपल्याकडे नवव्या शतकात स्पष्टपणे घेतली गेली होती. पुढे कुंतकांनी ‘वक्रोक्तिजीविता’त प्रकरणवक्रता आणि प्रबंधवक्रता यांची चर्चा करताना वाकडेपणालाच काव्याचा प्राण मानले, पण ती वक्रता जाणकारांना आल्हाद देणारी असली पाहिजे, ही अट घातली. आनंदवर्धन आणि कुंतक यांना एकत्र वाचले तर आपला प्रश्न नेमका होतो. एखाद्या मालिकेतील अनुक्रमभंग ही वक्रता आहे की कसरत?

या दृष्टीने भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ पाहण्यासारखे आहे. भवभूतीचे पद्मपूर हे गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर होय, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले; ते स्वीकारल्यास हा नाटककार आपल्या विवेच्य प्रदेशाच्या अगदी शेजारचा ठरतो. नाटकाच्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात. आजच्या भाषेत हे पूर्वदृश्यच आहे. परंतु ते माहिती पुरविण्यासाठी आलेले नाही, कारण रामकथा प्रेक्षकाला ठाऊकच आहे. चित्रे पाहता पाहता सीतेच्या मनात पुन्हा अरण्यात जाण्याची इच्छा उत्पन्न होते आणि तीच इच्छा तिच्या त्यागाचे निमित्त होते. भूतकाळाचे दर्शन येथे भविष्यकाळ घडविते. ही चित्रे काढून वनवासाचे प्रसंग त्यांच्या मूळ जागी आरंभी मांडले, तर सर्व घटना शाबूत राहतील. मात्र प्रेमाची स्मृतीच वियोगाचे साधन व्हावी हा अर्थ नष्ट होईल.

यावरून एक व्यावहारिक कसोटी काढता येते. मोडलेला क्रम मनातल्या मनात पूर्ववत करून पाहावा आणि काय हरवते ते तपासावे. केवळ आश्चर्य हरवत असेल तर तो अनुक्रमभंग कसरतीच्या बाजूला जातो. जाणणे आणि जबाबदार असणे यांतील नाते हरवत असेल, म्हणजे पात्राने किंवा प्रेक्षकाने काय केव्हा जाणले यावर त्याच्या कृतीचे मोल अवलंबून असेल आणि तेच पुसले जात असेल, तर तो अनुक्रमभंग आशयाचा भाग आहे. डेनिस पॉटर यांची ‘द सिंगिंग डिटेक्टिव’ (१९८६) ही बीबीसीची सहा भागांची मालिका या कसोटीला पूर्ण उतरते. त्वचारोगाने रुग्णशय्येला खिळलेल्या लेखकाची बालपणीची स्मृती, त्याची जुनी रहस्यकथा आणि रुग्णालयातील वर्तमान यांचे तेथे मिश्रण होते. ते उलगडून सरळ केले तर शरीराचा आजार आणि दडपलेली अपराधभावना यांचा संबंधच दिसेनासा होतो. ‘लॉस्ट’च्या तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस (२००७) प्रेक्षक ज्याला भूतकाळ समजत होता तो भविष्यकाळ निघतो. त्यात आश्चर्य आहे हे खरे. पण बेटावरून सुटका हेच ज्यांचे ध्येय होते त्यांना सुटकेनंतर उद्ध्वस्त झालेले पाहणे यात आश्चर्याहून अधिक काही आहे. त्याच मालिकेत पुढे योजलेल्या सर्वच वळणांविषयी असे म्हणता येणार नाही.

३. महाभारताचा क्रम आणि त्याचे सरळीकरण

दूरदर्शनवर २ ऑक्टोबर १९८८ पासून २४ जून १९९० पर्यंत बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ ही ९४ भागांची मालिका प्रसारित झाली. राही मासूम रझा यांचे लेखन आणि ‘समय’ या अमूर्त निवेदकाचा आवाज यांनी या मालिकेचे रूप निश्चित केले. राजा भरताने केलेल्या युवराजाच्या निवडीपासून सुरुवात करून शंतनू, भीष्म, पांडव-कौरव अशा कालक्रमाने ती पुढे सरकते. भारतीय प्रेक्षकाला सरळ क्रमच रुचतो, याचा पुरावा म्हणून तिच्या अपूर्व यशाकडे बोट दाखविले जाते.

प्रत्यक्ष ग्रंथाचा क्रम मात्र तसा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीतही हा वाकडेपणा जसाच्या तसा राहिला आहे. म्हणजे तो उत्तरकालीन भरीचा परिणाम म्हणून झटकता येत नाही. नैमिषारण्यात उग्रश्रवा सौती शौनकादी ऋषींना कथा सांगतो. ती त्याने जनमेजयाच्या सर्पसत्रात ऐकलेली असते आणि तेथे वैशंपायन ती सांगत असतो. युद्धाची कथा तर त्याच्याही आत, संजय आणि धृतराष्ट्र यांच्या संवादात आहे. ग्रंथाच्या अगदी आरंभी, आदिपर्वातच, धृतराष्ट्राचा विलाप येतो आणि तो सर्व प्रमुख घटना शेवटासह सांगून टाकतो. काय होणार हे लपविण्यात महाभारताला रस नाही.

युद्धपर्वांची रचना या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. भीष्मपर्वात संजय रणभूमीवरून येतो आणि भीष्म पडल्याची वार्ता प्रथम सांगतो. धृतराष्ट्र शोक करतो, हे कसे घडले असे विचारतो आणि मग संजय मागे जाऊन पहिल्या दिवसापासून वृत्तांत सांगू लागतो. द्रोण, कर्ण आणि शल्य यांच्या पर्वांतही आधी सेनापतीच्या मृत्यूची वार्ता आणि नंतर तपशील असाच क्रम आहे. याचा एक परिणाम क्वचितच ध्यानात घेतला जातो. कृष्णार्जुनसंवाद, म्हणजे गीता, ग्रंथात भीष्माच्या पतनाची वार्ता आल्यानंतर सांगितली जाते. अर्जुनाने ज्याच्यावर शस्त्र उचलावे की नाही असा प्रश्न केला, तो पितामह पडला आहे हे धृतराष्ट्राला आणि श्रोत्याला आधीच कळलेले असते. त्या प्रश्नाचे उत्तर काय निघाले हे ठाऊक असताना तो प्रश्न ऐकावा लागतो.

मालिकेत संजयाची दिव्यदृष्टी थेट प्रक्षेपणासारखी झाली. युद्ध चालू असताना तो ते पाहतो आणि त्याच क्षणी राजाला सांगतो. माध्यमाच्या स्वभावाला हा बदल अनुकूल होता. पण त्याने काय बदलले? मूळ ग्रंथात धृतराष्ट्राचा प्रत्येक प्रश्न होऊन गेलेल्या, परत न फिरविता येणाऱ्या गोष्टीविषयी आहे. त्याचे ऐकणे हा एक प्रकारचा हिशेब आहे. ‘माझ्या मुलांनी काय केले’ हे विचारताना मुले किती उरली आहेत हे त्याला माहीत असते, आणि तरीही तो दैवाला दोष देत राहतो. संजय त्याला वारंवार त्याच्या स्वतःच्या दोषाची आठवण करून देतो. शोक आणि पळवाट यांचे हे मिश्रण केवळ क्रमामुळे शक्य झाले आहे. मालिकेतील धृतराष्ट्र घटना घडत असताना ऐकतो. तो काळजी करतो, आशा बाळगतो, हादरतो. थोडक्यात, तो प्रेक्षकासारखा होतो.

या बदलातून नवा अर्थ निघू शकत होता, हेही मान्य केले पाहिजे. जो राजा युद्ध चालू असताना सर्व ऐकतो तो ते थांबवूही शकतो. न थांबविणे हा त्याचा रोजचा, नव्याने केलेला अपराध ठरतो. सरळ क्रमाने दिलेली ही संधी होती. मालिकेने ती फारशी घेतली नाही, कारण तिचे लक्ष रणभूमीवरील पुढच्या घटनेकडे होते. तेव्हा सरळ क्रम हा निर्दोष, तटस्थ क्रम नव्हे. तोही एक निवड आहे आणि त्याच्याकडूनही आशयाचा जाब विचारता येतो. पीटर ब्रुक यांच्या नाट्यप्रयोगाने (१९८५) व्यास, त्याची कथा ऐकणारा मुलगा आणि लेखनिक गणेश यांची चौकट राखली होती. त्या प्रयोगावरील इतर आक्षेप काहीही असोत, ही कथा कोणीतरी कोणालातरी सांगितलेली आहे, हे भान त्याने सोडले नाही.

इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ (१९६७) आणि दुर्गा भागवत यांच्या ‘व्यासपर्व’ (१९६२) या ग्रंथांनी मराठी वाचकाला महाभारत व्यक्तिरेखांच्या वाटेने वाचावयास शिकविले. त्या वाचनात एकेका व्यक्तीचे आयुष्य सलग लावून पाहावे लागते. त्यातून मिळालेला लाभ मोठा आहे. परंतु निवेदनाची चौकट त्यात स्वाभाविकपणेच मागे पडते. दूरचित्रवाणीने केलेल्या सरळीकरणाकडे मराठी समीक्षेचे फारसे लक्ष का गेले नाही, याचे एक कारण येथे असावे.

४. पंडवानी : ठाऊक असलेल्या कथेचा काळ

पंडवानीच्या दोन शाखा मानल्या जातात. झाडूराम देवांगन यांच्या नावाशी निगडित असलेली वेदमती शाखा बसून गायिली जाते आणि सबलसिंह चौहान यांच्या हिंदी महाभारताचा आधार राखते. कापालिक शाखेत गायक उभा राहून, अभिनयासह, अधिक मोकळेपणाने कथा उभी करतो. तीजनबाई यांनी हीच शाखा देशापरदेशांत नेली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला.

कापालिक सादरीकरणात संपूर्ण महाभारत कधीच सांगितले जात नाही. दुःशासनवध, कीचकवध असा एखादा प्रसंग घेतला जातो. दुःशासनवध सांगताना गायिका रणभूमीवरून द्यूतसभेत जाते, तेथून पुन्हा रणभूमीवर येते. हातातील तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो आणि क्षणात आणखी काही. एकच वस्तू दोन काळांत वावरत असल्याने काळ बदलला हे वेगळे सांगावे लागत नाही. समोर बसलेला ‘रागी’ हुंकार देतो, प्रश्न विचारतो, मधेच टोकतो, आणि त्याच्या प्रश्नाच्या निमित्ताने कथा मागे जाते किंवा थेट आजच्या गावातील व्यवहारावर येते. क्रमाचा भंग येथे संवादातून होतो.

आपल्या प्रश्नासाठी यातील महत्त्वाचा मुद्दा पुढीलप्रमाणे आहे. श्रोत्यांना शेवट माहीत आहे. दुःशासन मरणार, भीम प्रतिज्ञा पूर्ण करणार, यात लपविण्यासारखे काही नाही. म्हणून गोपनासाठी क्रम मोडण्याची शक्यताच पंडवानीत उरत नाही. तेथे मागे जाण्याचे प्रयोजन एकच असू शकते. समोर घडणाऱ्या कृतीचे वजन श्रोत्याला कळावे. वधाच्या क्षणी सभेतील अपमान आणला जातो तो भीमाच्या क्रौर्याला कारण देण्यासाठी. आणि कारण मिळूनही ते क्रौर्य क्रौर्यच राहते, या तणावात श्रोत्याला धरून ठेवले जाते. अनुक्रमभंग समजण्यासाठी विशिष्ट शिक्षण लागते, हे गृहीत येथे उघडपणे कोसळते. जो श्रोता पिढ्यान्‌पिढ्या हे ऐकत आला, त्याला काळाच्या दोन पातळ्या एकाच वेळी धरता येतात, कारण त्याला तसे ऐकण्याची सवय कथनपरंपरेनेच लावली आहे.

दूरचित्रवाणीने या सामर्थ्याची दखल एकदा घेतली होती. श्याम बेनेगल यांची ५३ भागांची ‘भारत एक खोज’ ही मालिका १९८८–८९ मध्ये दूरदर्शनवर आली. जवाहरलाल नेहरू यांनी अहमदनगरच्या किल्ल्यातील बंदिवासात लिहिलेला ग्रंथ हा तिचा आधार. ग्रंथकार बंदिवासात आहे आणि तेथून मागे पाहत आहे, ही वस्तुस्थितीच त्या ग्रंथाच्या काळाचे स्वरूप ठरविते. रोशन सेठ यांनी उभ्या केलेल्या नेहरूंच्या द्वारे मालिकेने ती चौकट राखली. महाभारतावरील भागांत बेनेगल यांनी तीजनबाईंची पंडवानी निवेदनासाठी योजली. एकाच काळात, एकाच दूरदर्शनवर, महाभारत दोन पद्धतींनी सांगितले जात होते. एकीकडे अमूर्त ‘समय’ होता. दुसरीकडे हातात तंबुरा घेतलेली, विशिष्ट प्रदेशाची आणि बोलीची एक स्त्री होती. काळ स्वतः बोलू लागला की कथेला सांगणारा उरत नाही. आणि सांगणारी व्यक्ती समोर असली की ‘हे आता का सांगतेस’ असा प्रश्न विचारता येतो.

तथापि या योजनेच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. मालिकेत पंडवानी नाट्यप्रसंगांना जोडणारा दुवा म्हणून येते. प्रसंग नटांनी करावयाचा आणि गायिकेने तो पुढे न्यावयाचा, अशी वाटणी होते. त्यामुळे तंबुऱ्याची गदा होण्याची फारशी गरज राहत नाही, कारण गदा घेतलेला नट पुढच्याच दृश्यात येणार असतो. रागीचे टोकणे श्रोत्यांच्या समक्ष असण्यावर अवलंबून असते. पडद्यासमोर बसलेला प्रेक्षक टोकू शकत नाही. लोकपरंपरेतील अनुक्रमभंगाचे बाह्य चिन्ह दूरचित्रवाणीवर आले, त्यामागील संवादाचा व्यवहार अंशतःच आला. परंतु हा प्रयत्न दाखवितो की, या माध्यमाला निराळा मार्ग उपलब्ध होता.

५. मराठी मालिकांतील तीन प्रयोजने

‘अल्फा मराठी’ ही उपग्रह वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली आणि दैनंदिन मालिका हा मराठी कथनाचा सर्वांत व्यापक प्रकार झाला. या मालिकांतील अनुक्रमभंगाची तीन प्रयोजने वेगळी करता येतात: स्मरणार्थ, गोपनार्थ आणि अर्थनिर्णायक.

स्मरणार्थ अनुक्रमभंग म्हणजे पूर्वी दाखविलेले दृश्य पुन्हा दाखविणे. पात्र खिडकीशी उभे राहते, पडदा किंचित धूसर होतो आणि महिन्यापूर्वीचे दृश्य येते. निर्मितीच्या अर्थकारणात याचा लाभ उघड आहे. नवे चित्रीकरण न करता भागाची लांबी भरते. समीक्षकांचा सर्वाधिक उपहास याच्याच वाट्याला आला आहे.

गोपनार्थ अनुक्रमभंगात भूतकाळातील एक घटना राखून ठेवलेली असते आणि ती तुकड्यातुकड्यांनी दिली जाते. सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘असंभव’ (२००७–२००९) या मालिकेने पुनर्जन्माच्या कल्पनेचा आधार घेतला. येथे एक सूक्ष्म भेद करावा लागतो. पुनर्जन्म मानला की मागील काळ ही नुसती आठवण राहत नाही, ते देणे होते. वर्तमानातील पात्राला ज्याचे स्मरण नाही अशा कृत्याचे उत्तरदायित्व त्याच्यावर येते. जाणणे आणि जबाबदार असणे यांची फारकत हा गंभीर नैतिक प्रश्न आहे आणि तो काळाच्या दोन पातळ्यांशिवाय मांडताच येत नाही. ‘असंभव’ जेथे या प्रश्नाजवळ जाते तेथे तिचा अनुक्रमभंग वक्रतेच्या पदवीला पोहोचतो. जेथे कोणाचा पूर्वजन्म कोण, एवढेच कोडे उरते तेथे तो गोपनात संपतो. ‘अग्निहोत्र’मध्ये (२००८–२०१०) वाड्यातील आठ गणपतींच्या शोधाच्या निमित्ताने विखुरलेल्या कुटुंबाचा भूतकाळ उलगडतो. तेथे शोधाची वस्तू महत्त्वाची न राहता नात्यांचा हिशेब महत्त्वाचा होतो, आणि म्हणून ती मालिका निव्वळ कोड्याच्या पलीकडे जाते.

अर्थनिर्णायक अनुक्रमभंगाचे सर्वांत बोलके उदाहरण ‘रात्रीस खेळ चाले’ हे आहे. सिंधुदुर्गातील नाईक कुटुंबाच्या वाड्यात घडणाऱ्या या मालिकेचे पहिले पर्व (२०१६) अण्णा नाईक या कुटुंबप्रमुखाच्या मृत्यूने सुरू होते. दुसरे पर्व (२०१९–२०२०) मागे जाऊन अण्णांचे आयुष्य सांगते आणि तिसरे (२०२१–२०२२) पुन्हा पुढे येते. संपूर्ण पर्वच मागे नेण्याचा हा निर्णय मराठी दूरचित्रवाणीत विरळा होता. त्याने प्रेक्षकाची अवस्था पालटली. पहिल्या पर्वात प्रश्न होता, हे कोण करीत आहे? दुसऱ्या पर्वात अण्णांचा आणि घराचा शेवट ठाऊक असल्याने तो प्रश्न उरला नाही. त्याची जागा, हे इतकी वर्षे कसे चालू दिले गेले, या प्रश्नाने घेतली. माईंचे मौन, गड्यामाणसांची भीती, गावाचे पाहून न पाहिल्यासारखे करणे या गोष्टी शेवटाच्या ज्ञानामुळेच जड झाल्या. प्रेक्षक येथे काही अंशी पंडवानीच्या श्रोत्याच्या आणि भीष्मपर्वातील धृतराष्ट्राच्या जागी आला.

मात्र हीच मालिका या पद्धतीचा धोकाही दाखविते. अण्णा आणि शेवंता ही पात्रे इतकी लोकप्रिय झाली की, ज्या भूतकाळाचा हिशेब मांडावयाचा होता तो चवीने पाहण्याचा विषय झाला. अत्याचारी कुटुंबप्रमुखाचे बोलणे-चालणे विनोदाने उद्धृत केले जाऊ लागले. शेवट ठाऊक असणे दोन प्रकारे काम करते. ते कृतीला वजन देते, किंवा तिची धास्ती काढून टाकून तिला रंजक करते. पंडवानीत हा दुसरा परिणाम आवरण्यासाठी रागी असतो. तो टोकतो, विचारतो, हसण्याला लगाम घालतो. मालिकेत असे टोकणारे कोणी नव्हते. क्रम योग्य मोडला, पण मोडलेल्या क्रमात प्रेक्षकाला जागे ठेवणारा घटक कमी पडला, असे या मालिकेविषयी म्हणावे लागते.

६. पाळीचा प्रेक्षक

उरल्यातील रोलिंग मिल, ओतशाळा आणि पोलादाचे इतर कारखाने पाळ्यांमध्ये चालतात. पाळी बदलत राहिली की ठरावीक वेळेला लागणारी मालिका सलग पाहणे शक्य राहत नाही. एक आठवडा भाग पाहावयास मिळतात, पुढच्या आठवड्यात नाही. मधले कथानक घरातील कोणी किंवा शेजारी सांगतो, आणि सांगताना तो अर्थातच शेवटापासून सुरू करतो: अमुक मेला, अमुक घर सोडून गेली, मग, हे कसे झाले, असे विचारल्यावर मागचे. संजयाचा क्रम हाच आहे. निर्मात्याने मालिका कितीही सरळ सांगितली तरी अशा प्रेक्षकापर्यंत ती वाकडीच पोहोचते, आणि तो ती जुळवून घेतो. स्वस्त डेटा आणि भ्रमणध्वनीवरील ॲप यांमुळे गेल्या काही वर्षांत भाग हवा तेव्हा पाहण्याची सोय झाली. तरी उलटसुलट पाहण्याची शक्यता तिने वाढविलीच आहे.

या प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले की स्मरणार्थ पूर्वदृश्याविषयीचा उपहास पुनर्विचारास पात्र ठरतो. ज्याचे चार भाग चुकले त्याच्यासाठी ते दृश्य रागीच्या पुनरुक्तीचे काम करते. त्याला गहन आशय म्हणण्याचे कारण नाही. पण ती कसरतही नाही. तो सौजन्याचा एक प्रकार आहे. कसरत हा शब्द राखून ठेवावयाचा तर तो त्या गोपनासाठी, जे प्रेक्षकाला महिनोन्‌महिने थांबवून ठेवते आणि शेवटी एखादे नाव सांगून मोकळे होते. प्रेक्षकाला काही कळणार नाही असे मानणारी सरळ मालिका आणि त्याला मुद्दाम काही कळू न देणारी वाकडी मालिका यांत वरकरणी विरोध दिसतो. वस्तुतः दोघींनीही प्रेक्षकाच्या जाणण्याची किंमत सारखीच कमी लेखलेली असते.

७. निष्कर्ष

या विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, अनुक्रमभंग हा पाश्चात्त्य मालिकांकडून घेतलेला उसना अलंकार नाही. भारतीय परंपरेत तो ग्रंथरचनेत, नाट्यात आणि लोकगायनात खोलवर रुजलेला आहे. उलट कालक्रमाने सलग सांगितलेले महाभारत हीच दूरचित्रवाणीने केलेली नवी योजना होती. दुसरी, सरळ आणि वक्र या दोन्ही क्रमांकडून सारखाच जाब विचारला पाहिजे. सरळ क्रमाला स्वाभाविकतेची सवलत देता येणार नाही. तिसरी, आशय आणि चमत्कृती यांतील सीमारेषा तंत्रात शोधू नये. क्रम पूर्ववत केल्यावर केवळ आश्चर्य नाहीसे होते की जाणणे आणि जबाबदारी यांचे नाते नाहीसे होते, यावर ती ठरते. चौथी, केवळ क्रम मोडणे पुरेसे नाही; मोडलेल्या क्रमात प्रेक्षकाला टोकणारा, प्रश्न विचारणारा घटक लागतो. पंडवानीत तो रागी आहे, महाभारतात धृतराष्ट्राला उत्तर देणारा संजय आहे. मराठी मालिकांनी हा घटक अद्याप आपल्या माध्यमाच्या भाषेत घडविलेला नाही.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने यातून एक कार्यदिशा सुचते. अनुक्रमभंगाचा अभ्यास बहुधा पाश्चात्त्य मालिकांची प्रतिमाने समोर ठेवून केला जातो आणि भारतीय मालिका त्या मानाने किती पुढे वा मागे आहेत, एवढेच पाहिले जाते. त्याऐवजी छत्तीसगढी पंडवानी, मराठी कीर्तनातील पूर्वरंग-उत्तररंग यांची योजना आणि दैनंदिन मालिका यांची परस्परांशी तुलना केली, तर आपल्या प्रेक्षकाने ऐकण्यापाहण्याची कोणती कौशल्ये आधीच कमावलेली आहेत हे अधिक नेमकेपणाने कळू शकेल. पाळीवरून उशिरा परतून आधी शेवट ऐकणारा आणि मग कारण विचारणारा उरल्यातील कामगार या कौशल्यांचा अधिकारी धारक आहे. मालिका लिहिणाऱ्याने आणि तिची समीक्षा करणाऱ्यानेही त्याच्या प्रश्नापासून प्रारंभ करावयास हवा.